परबकाकांची सात पिंपं

परबकाका भाजी विकत घेत नाहीत, भाजीची झडती घेतात.

गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर वसईकडची एक मावशी रोज सकाळी टोपली घेऊन बसते. परबकाका तिच्यासमोर उकिडवे बसतात, मेथीची जुडी उचलतात आणि पानांकडे ढुंकूनही न बघता मुळांना चिकटलेली माती चिमटीत धरून नाकाशी नेतात. डोळे मिटतात. मग तपास सुरू होतो.

"ह्या मेथीक खत कसला?"

"शेणखत, काका. एकदम देशी."

"शेण खंयचा?"

"म्हशीचं."

"म्हैस खंयची? तिका इंजेक्शन कधी दिल्यानी? कसला दिल्यानी? केस पेपर हा?"

"काका, जुडी घ्यायचीय की म्हशीशी सोयरीक जुळवायचीय?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसतात. काका हसत नाहीत. ते जुडी होती तशी ठेवतात, बोटं रुमालाला पुसतात, दोन लिंबं घेतात आणि घरी जातात. गेली सात वर्षं मी हे बघतोय. सात वर्षांत त्यांनी मावशीकडून मेथीची एक काडी घेतलेली नाही आणि चौकशी एक दिवस चुकवलेली नाही.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे ज्या सभेला मी गेलो नव्हतो, त्या सभेत मला एकमताने निवडण्यात आलं. तेव्हापासून गळकी टाकी, बंद लिफ्ट आणि परबकाका हे तीन विषय माझ्याकडे आहेत. टाकी आणि लिफ्ट निदान मधूनमधून दुरुस्त होतात.

दत्ताराम परब मूळचे कुडाळकडचे. नोकरी गुरांच्या दवाखान्यात, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांमध्ये त्यांनी तीसेक वर्षं म्हशींना सुया टोचल्या. तबेल्यातले लोक त्यांना 'डॉक्टरसाब' म्हणत, आणि काका तेवढ्यापुरते पाठ सरळ करून चालत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणसांची तपासणी ते अजून म्हशीच्याच पद्धतीने करतात. कुणी जिन्यात भेटलं की 'कसे आहात' वगैरे नाही. "रवंथ चालू हा मा?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता समोरच्याच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची.

"थंड हा. जा."

मग तो माणूस हापिसात जायला मोकळा. कान जरा गरम लागला तर मात्र सुटका नाही. ताप कधीपासून, लघवीला जळजळ आहे का, गोळी कुठली घेतलीस, कुणी दिली, पुरी घेतलीस की बरं वाटल्यावर सोडलीस? आमच्या मेधाने एकदा घसा दुखतो म्हणून केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणलं. काकांनी ती पट्टी तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे, गुळण्या करा. काका रिक्षातून विजयी मुद्रेने उतरले आणि मेधा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, ते मला विचारू नका. सेक्रेटरीची बायको असल्याचा तो परिणाम असावा.

मी स्वतः कान चुकवण्यात पटाईत झालो होतो. काकांच्या दारावरून जाताना मोबाईल उजव्या कानाला आणि छत्रीची मूठ डाव्या कानाला.

गंमत म्हणजे दोनशे तीनमधले नवे भाडेकरू कुलकर्णी याच गोष्टीवरून रागावले होते. मला म्हणाले, "साहेब, ते सगळ्यांचे कान बघतात, आमचे कधीच बघत नाहीत. मी मुद्दाम टोपी काढून उभा राहिलो, तर म्हणतात, तुमचा नको, तुम्ही नवे. ही काय पद्धत झाली?" यावर सोसायटीच्या नियमात काही तरतूद नाही, असं मी त्यांना सांगितलं.

काकांचा दुसरा रोग म्हणजे 'गेला' हा शब्द त्यांना चालत नाही. जगातून काही जातं यावर त्यांचा विश्वासच नाही. कचऱ्याची गाडी कचरा घेऊन गेली म्हटलं की ते विचारणार, "गेली म्हणजे खंय गेली?" तुंबलेलं गटार मोकळं करून प्लंबर म्हणाला, "घाण गेली, काका," तर काकांनी त्याला पाऊण तास उभा करून ती घाण पुढे कुठल्या नाल्याला, नाला कुठल्या खाडीला आणि खाडीतली मासळी कुणाच्या ताटाला लागते ते वर्सोव्यापर्यंत नेऊन सांगितलं. तो प्लंबर आता आमच्याकडे येत नाही.

बागेचं प्रकरण झालं तेव्हा तर कमिटी हातघाईवर आली होती. इमारतीमागे मोकळी जागा होती. तिथे भाजीपाला लावायचा, लोकांनी आपल्या हाताने तोडून न्यायचा, अशी टूम निघाली. एका खतवाल्याने 'शंभर टक्के सेंद्रिय' लिहिलेल्या गोण्या आणून टाकल्या. नारळ फोडायच्या आधी काका पुढे आले. त्यांनी गोणीत कोपरापर्यंत हात घातला.

"केस पेपर खंय हा?"

"कसला केस पेपर?" खतवाला म्हणाला.

"म्हशीचो."

"अहो काका, शेण आहे ते. त्याला कुठे केस पेपर असतो?"

"म्हशीला औषध दिलं असेल ना?"

"दिलं असेल. पण ते तिने पचवलं. गेलं."

झालं. खतवाल्याची वाट लागली.

काका रागावले की मालवणीत बोलतात आणि समजवायला लागले की मराठीत. त्या दिवशी त्यांनी मराठीत समजावलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे बघ सेक्रेटरी. म्हशीची कास सुजली, सुई मारली. औषधाने काम केलं. पण सगळं औषध काही तिच्या अंगात मुरत नाही. बरंचसं शेणा-मुतातून बाहेर. शेण शेतात, शेतात माती, मातीत जंतू. त्यांना रोज थोडं थोडं औषध चाखायला मिळालं की अर्धे मरतात आणि अर्धे शहाणे होतात. मग एकमेकांना शिकवतात. उद्या तोच जंतू तुझ्या पोटात गेला आणि डॉक्टरने तेच औषध दिलं, तर तो हसतो."

"पण कुजवलेलं खत आहे, काका," कुणीतरी म्हणालं.

"किती दिवस कुजवलं? ढीग तापला होता? पलटी दिली? नीट केलं तर कमी होतं. होतं कमी, मी नाही म्हणत नाही. पण कमी झालं म्हणजे संपलं, असं तुला कोणी सांगितलं?"

नारळ पिशवीत परत गेला. त्या जागेत अजून नुसतं गवत आहे आणि त्यात मांजरं झोपतात. लोक काकांना 'शेण-तपासनीस' म्हणू लागले. हे नाव मीच ठेवलं होतं. आज सांगायला लाज वाटते, म्हणून सांगून टाकतो.

आता पिंपांकडे येतो.

आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, काकांची सात पिंपं होती. निळी प्लॅस्टिकची, मधोमध कापलेली, मातीने भरलेली. प्रत्येकावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर दोन-दोन विटा. त्यांत काही लावलेलं नव्हतं. काका रोज सकाळी वर जात, झाकणं जागेवर आहेत का बघत आणि खाली येत. पावसाळ्यात वरून ताडपत्री बांधत. कुणी विचारलं तर म्हणत, "झोपलीत. उठवू नको."

या वर्षी गच्ची गळायला लागली. वॉटरप्रूफिंगचं काम ठरलं. गच्ची रिकामी करावी अशी नोटीस निघाली, खाली सही माझी. सगळ्यांनी आपापल्या मोडक्या खुर्च्या आणि गंजक्या सायकली हलवल्या. राहिली सात पिंपं. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, माती मागच्या मोकळ्या जागेत ओता, पिंपं भंगारात द्या. अर्ध्या तासाचं काम."

रविवारी सकाळी मी नोटीस घेऊन गच्चीवर गेलो. काका एका पिंपाशेजारी पाटावर बसले होते.

"काका, माती काढायला लागेल. मागच्या जागेत टाकू या."

"तिथे मांजरं बसतात. पोरं खेळतात. उद्या कोणीतरी वांगी लावील."

"मग नाल्यात."

"नाला खाडीत जातो."

"कचऱ्याच्या गाडीत देऊ."

"गाडी खंय जाता?"

"डंपिंगवर."

"पाऊस पडल्यावर डंपिंगचा पाणी खंय जाता?"

"काका, गावी न्या मग! तुमच्या कुडाळला."

ते एकदम ओरडले. "गावाक? माझ्या भावाच्या शेतात? शुद्धीवर हस मा रे मेल्या?"

मीही चिडलो. सात वर्षांचं साचलेलं होतं. "मग काय करायचं, ते तरी सांगा! माती आहे ती काका, अणुबॉम्ब नाही. दुनिया शेणखत घालते आणि भाजी खाते. तुम्हाला एकट्यालाच का एवढं भूत लागलंय?"

काकांनी पत्र्यावरच्या विटा उतरवल्या, झाकण सरकवलं आणि आत बघत बोलायला लागले. मराठीत.

"ही शालनची माती आहे."

शालनकाकी त्यांच्या बायको. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. हसतमुख बाई, गच्चीवर या पिंपांत मेथी लावायच्या. मेथी निघाली की दोऱ्याने छोट्या जुड्या बांधायच्या आणि कुणाची बेल न वाजवता एकेकाच्या दाराच्या कडीला अडकवून जायच्या. सकाळी दार उघडलं की कडीला मेथी. आम्ही त्याला 'काकींचा पेपर' म्हणायचो.

"खत मीच आणायचो," काका म्हणाले. "तबेल्यातून, पेंडीच्या गोणीत, स्कूटरवर पायापाशी ठेवून. फुकटचं आणि घरचं. शालन खूश."

"मग?"

"तबेल्यात मी कडक होतो, सेक्रेटरी. सुई मारली की औषधाच्या खोक्यावर लिहिलेले असतील तितके दिवस त्या म्हशीचं दूध विकायचं नाही. बाकीचे कोण बघत नव्हते. मी समोर उभा राहून दूध ओतायला लावायचो. शेठ हात जोडायचा. 'डॉक्टरसाब, फेकूं किधर? गटर में डालेगा तो बास मारेगा.' मी म्हटलं, शेणाच्या ढिगात ओत. धरतीतून आलंय, धरतीत जाईल. तीस वर्षं मी हेच सांगितलं. बादल्याच्या बादल्या, औषधाचं दूध, शेणाच्या ढिगावर. त्या ढिगातली गोणी मी घरी आणली."

मी हातातली नोटीस घडी करून खिशात घातली.

"पोरांच्या दुधात औषध जाऊ दिलं नाही, म्हणून रात्री शांत झोपायचो. माझ्यासारखा इमानदार माणूस नाही, असं वाटायचं मला."

काकींचं आजारपण मला आठवत होतं. लघवीचा संसर्ग, थंडी वाजून ताप. साधं दुखणं. लोक म्हणत होते, चार दिवसांत येतील घरी. त्या आल्या नाहीत.

"हॉस्पिटलात कल्चर रिपोर्ट दिला," काका म्हणाले. "कुठलं औषध चालेल त्याची यादी असते. एकेका नावापुढे 'आर'. म्हणजे जंतू त्या औषधाला भीक घालत नाही. मी ती यादी वाचली. त्यातली कितीतरी नावं माझ्या बॅगेतली होती रे. रोजच्या बॅगेतली. माझ्या हाताखालून गेलेली."

"काका, पण ते मेथीतूनच आलं, असं कशावरून? डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगता येत नाही. कुठूनही येऊ शकतं. हॉस्पिटलातून, पाण्यातून, कुणाच्याही हातातून. मला कळतं ते. मी तेवढा अडाणी नाही. पण मेथीतून नाही आलं, असंही सांगता येत नाही ना? मी माती तपासायला दिली. त्यांनी नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सगळं लिहून दिलं. वर शेरा, माती उत्तम आहे. मी विचारलं, औषध? तर म्हणे, आमच्या फॉर्मात तो रकाना नाही."

त्यांनी झाकण परत सरकवलं. विटा एकेक करून नीट ठेवल्या.

"आणि ही सात पिंपं तर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तीस वर्षांत त्या ढिगांचे ट्रक भरभरून गेले. वसईला गेले, पालघरला गेले, नर्सरीवाल्यांनी नेले. ती माती कुठे आहे? ती कोण झाकून ठेवणार? मी रोज त्या मावशीच्या मेथीचा वास घेतो. वासाने काय कळतंय? काही कळत नाही. मला ठाऊक आहे ते. पण विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. तुमची चूक नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण 'तुम्हाला नक्की झालंय काय' असं या माणसाला सात वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं आणि मी त्याचं बारसं 'शेण-तपासनीस' असं केलं होतं. मला माझीच शरम वाटली.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "मी गेल्यावर ही माती कुणीतरी कुंड्यांत भरणार. तू मिनिट्‌समध्ये लिहून ठेवशील? पिंपांतली माती कुणी वापरू नये, म्हणून?"

"लिहितो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सातही पिंपं खाली काकांच्या घरात आणली. लिफ्टमध्ये 'जड सामान नेऊ नये' अशी पाटी आहे, खाली सही माझी. पाटीकडे पाठ करून मी दार धरून उभा राहिलो. कंत्राटदाराची दोन माणसं पिंपं उचलत होती आणि काका मागून, "सांडू नको रे, सांडू नको," म्हणत सांडलेला कण न् कण फडक्याने पुसून घेत होते. त्यांच्या घरात दुसरी जागा कुठली? हॉलमधला सोफा त्यांनी आदल्या दिवशीच कुणाला तरी देऊन टाकला होता. भिंतीकडेने सात पिंपं बसली आणि मधे काकांची खाट राहिली. काकींचा फोटो पाचव्या पिंपाच्या बरोबर वर आला.

घरी येऊन मी मेधाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"किती खाल्ली रे आपण ती मेथी," ती म्हणाली. "मी तर पातेल्याच्या तळाची पानंसुद्धा खायचे." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणून ते आपले कान बघतात."

मी तिच्याकडे बघत राहिलो. एकशे दोन, दोनशे एक, तीनशे चार, आम्ही. ज्या ज्या दाराच्या कडीला काकींची मेथी अडकलेली असायची, ती सगळी घरं. कुलकर्णी नवे. त्यांच्या कडीला कधी काही अडकलं नव्हतं. गेली सात वर्षं हा माणूस रोज जिन्यात उभा राहून, आपल्या बायकोच्या हातची मेथी ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्यांना ताप नाही ना, एवढंच बघत होता. आणि मी छत्रीच्या मुठीने कान झाकून पळत होतो.

पुढच्या सकाळी मी मोबाईल खिशात ठेवला, छत्री घेतलीच नाही. काका नेहमीच्या जागी, पहिल्या मजल्याच्या वळणावर उभे होते. मी त्यांच्यापुढे जाऊन मान खाली घातली. ते जरा गोंधळले. कुलकर्णी सोडले तर इतक्या वर्षांत कुणी आपणहून कान पुढे केला नसावा. मग त्यांची खरखरीत बोटं पाळीला लागली.

"थंड हा. जा, हापिसात जा."

मी गेलो नाही. मेथी सगळ्यात जास्त कुणी खाल्ली असेल, हे मला त्या क्षणी सुचलं. दुपारी आणि रात्री, वर्षानुवर्षं, काकींच्या हातची.

"काका, तुमचा कान कोण बघतं?"

मी हात पुढे केला आणि त्यांची पाळी दोन बोटांत धरली. पातळ, सुरकुतलेली, मऊ पाळी. गरम की थंड, मला काय कळणार? मी आयुष्यात कधी म्हशीजवळ उभा राहिलो नाही.

"थंड आहे," मी म्हटलं.

काका तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले होते. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि म्हणाले, "दुसरो पण बघ."